भुवईताईंचं तोंड

त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता दोन-तीनच उरली असतील. बाकी सगळ्या गल्लीला त्या भुवईताई. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं पार्लर होतं. एक फिरती खुर्ची, भिंतभर आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी बाक, आणि खिडकीच्या कट्ट्यावर पांढऱ्या धाग्याची रिळं. केस कापणं, रंगवणं, चेहऱ्याची मालिश, सगळंच त्या करायच्या, पण बायका लांबून यायच्या त्या भुवया कोरून घ्यायला. धाग्याचं एक टोक दातांत घट्ट धरायचं, मधे पीळ घालायचा आणि दोन्ही हातांची बोटं कात्रीसारखी उघडत-मिटत, मान मागेपुढे करत केस उपटत जायचं. हे करताना समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर अगदी वीतभर अंतरावरून वाकावं लागतं. भुवईताईंचा हात इतका चलाख की डोळ्यांत पाणी यायच्या आत एक भुवई झालेली असायची.

बाई कामाला पक्की, पण तोंडाने फटकळ. ती ख्याती लग्नानंतर लगेचच झाली होती. आपल्या घरात परक्या बायकांचे केस पडलेले खपवून घेणार नाही, असं सासूने बजावलं, तेव्हा या म्हणाल्या, मग आधी घरातल्याच बाईचे कापते. आणि खरोखरच सासूला अंगणात बसवून तिचे केस असे काही नीट केले, की म्हातारी आठवडाभर शेजारणींना पाठमोरी उभी राहून दाखवत होती. तरीही पार्लरला तिचा होकार येईना. तेव्हा मदतीला धावले ते थोरले दीर. सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून याही दादाच म्हणायच्या. बंद पडलेल्या एका सलूनमधली खुर्ची त्यांनी विकत घेतली, हातगाडीवर टाकून आणली, पुढच्या खोलीत ठेवली आणि आईला सांगितलं, "खुर्ची माझी आहे. भावाच्या घरात ठेवतोय. तिच्यावर कोण बसतं ते तू बघू नकोस." विषय तिथेच मिटला. दादांचा हा उपकार भुवईताई कधी विसरल्या नाहीत, आणि दादांनीही तो कधी विसरू दिला नाही.

पन्नाशीच्या आसपास त्यांना साखर निघाली. दुसरी एखादी बाई घाबरली असती. भुवईताईंना मात्र तो अपमान वाटला. साखर मला विचारून आली नाही, मीही तिला विचारून जगणार नाही, असं त्या बाकावर बसलेल्या बायकांना सांगायच्या आणि बायका हसायच्या. गोळी त्या घ्यायच्या, कारण नवरा सकाळी पाण्याच्या पेल्यासोबत हातात ठेवायचा. तपासणीला मात्र जायच्या नाहीत. डॉक्टर रागावतात आणि रागावून घेण्याची आपल्याला सवय नाही, हे त्यांचं कारण. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत लटकून काम करणारा माणूस, घरी आला की आवाजच नसायचा त्याला. एकदा-दोनदा त्याने तपासणीचं काढून बघितलं, मग सोडून दिलं.

हिरड्यांचं दुखणं असं हळूहळू, चोरपावलांनी आलं. आधी ब्रशवर रक्त. त्यांनी ब्रश बदलला, मग टूथपेस्ट बदलली. मग एके दिवशी धागा गुलाबी झाला. दातांत धरलेलं टोक त्यांनी कापून मुठीत लपवलं आणि नवा धागा घेतला. पुढे ते रोजचंच झालं. खालचे पुढचे दात लांब झाल्यासारखे दिसायला लागले, त्यांच्यामधे फटी पडल्या. धागा ताणला की एक दात किंचित पुढे झुकायचा आणि सोडला की जागेवर यायचा. भुवईताईंना हे कळत होतं, आणि आपल्याला कळतंय हे त्या स्वतःलाही कळू देत नव्हत्या.

नेमके त्याच सुमारास दादा कचेरीतून निवृत्त होऊन व्हिटॅमिनच्या धंद्यात पडले. धंदा म्हणजे डबे विकायचे, शिवाय डबे विकणारी माणसं जमवायची. दादा लबाड नव्हते, हे आधीच सांगायला हवं. त्यांचा त्या डब्यांवर मनापासून विश्वास होता. स्वतः सकाळ-संध्याकाळ मूठभर गोळ्या घ्यायचे, बायकोलाही द्यायचे. भावजयीच्या हिरड्यांचं त्यांच्या कानावर गेलं तसे ते डबे घेऊनच हजर झाले. हिरड्यांतून रक्त म्हणजे व्हिटॅमिन सी कमी पडलं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, असं म्हणाले. एका डब्यात नारिंगी रंगाच्या चघळायच्या गोळ्या होत्या, दुसऱ्यात हिरव्या कॅप्सूल, तिसऱ्यात कसलीशी पूड. सहा महिने घे, दवाखान्याची पायरी चढायची गरज पडणार नाही.

दवाखान्याची पायरी चढायला लागणार नाही, एवढंच भुवईताईंनी ऐकलं. कुणाच्या बापाला न भिणारी ही बाई दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीला भीत होती. दुसऱ्यांना खुर्चीत मान मागे टाकायला लावण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. स्वतः मान टाकायची कल्पनाच तिला सहन होत नव्हती. तेव्हा गोळ्या बऱ्या. दिवसातून चार वेळा ती नारिंगी गोळी त्या गालात धरून चघळायच्या. चवीला छान होती. रक्त कधी कमी वाटायचं, कधी जास्त. कमी वाटलं की गोळीचा गुण, जास्त वाटलं की आज ब्रश जोरात घासला गेला.

गिऱ्हाइकं मात्र कमी व्हायला लागली. चौकात नवं पार्लर निघालं होतं, गार हवेचं, तेव्हा त्यांनी सगळा दोष त्या गार हवेला दिला. मग एका दुपारी शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. खुर्चीत बसल्या, भुवईची कातडी ताणून धरली, आणि भुवईताई वाकल्या तशी त्यांनी मान बाजूला वळवली. भुवईताई म्हणाल्या, हलू नका. त्यांनी पुन्हा मान वळवली. तिसऱ्यांदा त्या उठूनच बसल्या. बाकावर कुणी नाही हे आधी बघून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्या तोंडाला फार वास येतो. बऱ्याच दिवसांपासून येतोय. बायका त्याच्यामुळेच येत नाहीत. तुम्हाला सांगायची हिंमत कुणाची होत नाही, म्हणून मी सांगतेय. आता मला काय बोलायचं ते बोला."

अर्धी राहिलेली भुवई भुवईताईंनी श्वास रोखून पूर्ण केली, पैसे घेतले नाहीत आणि दार लावून घेतलं.

नवरा कामावरून आला तेव्हा त्या त्याच खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "अहो, माझ्या तोंडाला वास येतो?"

तो हात धुवायला निघाला होता. थांबला.

"येतो."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

"आणि तुम्ही वर्षभर गप्प?"

"तुला कोण सांगणार?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. "साखर तपासून घे म्हटलं तर तू दोन दिवस जेवली नव्हतीस."

वर्षभर हा माणूस भिंतीकडे तोंड करून झोपत होता, आणि आपण त्याला पाठदुखी समजत होतो, हे भुवईताईंच्या तेव्हा लक्षात आलं. आयुष्यभर त्यांनी कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान होता. आता कळलं, की त्यामुळे लोकांनी सांगायचंच बंद केलं होतं. त्या रडल्या नाहीत. त्यांना राग आला, आणि पहिल्यांदाच तो दुसऱ्या कुणाचा नव्हता.

दुसऱ्याच दिवशी त्या बाजाराच्या कोपऱ्यावरच्या दातांच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरने चमच्याएवढ्या आरशाने तोंड बघितलं, दोन दात हलवून बघितले आणि साखर आहे का विचारलं. आहे म्हटल्यावर त्याचं सगळं ठरून गेलं. साखरवाल्यांच्या हिरड्या अशाच जातात, खालचे सगळे दात काढू आणि कवळी बसवू, असं तो हातमोजे उतरवताना म्हणाला. कवळीत धागा धरता येईल का, असं भुवईताईंनी विचारलं. कसला धागा, ते त्यांनी समजावून सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, या वयात आता धंदा बदला की. भुवईताई खुर्चीतून उठल्या आणि चालू लागल्या. घरी आरशात बघेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नाही, की त्या गळ्यातलं कागदी लाळेरं साखळीसकट घेऊन भर बाजारातून चालत आल्या होत्या. ते त्यांनी नवऱ्याच्या हाती परत पाठवलं. स्वतः पुन्हा तिकडे फिरकल्या नाहीत.

मुख्याध्यापिकांनीच त्यांना दुसरा पत्ता दिला. मोठ्या सरकारी दवाखान्यात फक्त हिरड्यांचं काम करणारी एक डॉक्टर बसायची. चाळिशीची, बारीक अंगाची, बोलायला कमी. तिने टोकदार सळईने एकेका दाताभोवती हिरडी किती खोल सुटली आहे ते मोजलं. भुवईताईंनी हातात आरसा मागून घेतला होता. काय चाललंय ते दिसलं नाही तर तोंड उघडणार नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. डॉक्टर म्हणाली, बघा की, तोंड तुमचंच आहे. मग तिने साखर विचारली. शेवटची तपासणी कधी केली ते आठवत नाही, असं भुवईताईंनी सांगून टाकलं. डॉक्टर रागावली नाही. एवढंच म्हणाली, की साखर वाढली की हिरड्या सडतात, आणि हिरड्या सडल्या की साखर आणखी वाढते. दोघी एकमेकींना धरून असतात. एकीलाच आवरून भागत नाही.

औषध काय चालू आहे, म्हटल्यावर भुवईताईंनी पिशवीतून दादांचे तीन डबे काढून ठेवले. डॉक्टरने नारिंगी गोळ्यांचा डबा उघडून हुंगला.

"गोड लागते?"

"हो. संत्र्यासारखी."

"कशामुळे गोड लागत असेल?"

भुवईताईंनी डबा ओढून घेतला आणि झाकण घट्ट लावलं. साखर असलेली बाई हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून सहा महिने, दिवसातून चार वेळा, साखरेची आंबट गोळी हलत्या दातांवर चोळत होती. हे त्यांना कुणी बोलून दाखवलं नाही, आणि तशी गरजही नव्हती.

"म्हणजे व्हिटॅमिन सगळं थोतांड?" त्यांनी विचारलं.

"तसं नाही," डॉक्टर म्हणाली. "रक्त तपासू. जे कमी असेल ते देऊ. तुमची साखरेची गोळी वर्षानुवर्षं घेतली तर एक व्हिटॅमिन कमी होऊ शकतं. पण हिरडीच्या आत घाण साचली आहे, ती कुठलीही गोळी खरवडून काढत नाही. ती मला काढायला लागेल. गोळी फार तर मागून हात लावेल."

भुवईताईंना हे पटलं. न धुतलेल्या डोक्याला कितीही भारी तेल लावलं तरी कोंडा जात नाही, हे त्या स्वतःच रोज बायकांना सांगायच्या.

रक्त तपासलं. साखर भलतीच वर गेली होती. बी बारा आणि डी ही दोन व्हिटॅमिनं कमी निघाली, सी अगदी व्यवस्थित होतं. साखरेच्या डॉक्टरांकडे भुवईताई स्वतःहून गेल्या, रागावून घेतलं, आणि दोन दिवस न जेवता राहायच्या ऐवजी संध्याकाळी नवऱ्याला घेऊन चालायला निघाल्या. मग सुरू झालं हिरड्यांचं काम. एकेका वेळी तोंडाचा पाव भाग. सुई देऊन बधिर करायचं आणि हिरडीच्या आतून दाताचं मूळ खरवडायचं. त्याचा आवाज डोक्यात घुमायचा. पहिल्या दिवशी भुवईताईंनी खुर्चीचे हात इतके आवळले, की डॉक्टरने काम थांबवून विचारलं, दुखतंय का. दुखत नव्हतं. मान मागे टाकून पडणं जमत नव्हतं. त्यांनी डॉक्टरला सांगितलं, तू थांबू नकोस, मी भांडतेय ते माझ्याशी.

सगळं काही वाचलं नाही. मागची एक दाढ काढावीच लागली. खालचे पुढचे दात मात्र डॉक्टरने आतल्या बाजूने बारीक तार चिकटवून एकमेकांना बांधले. ते राहतील, म्हणाली, पण एका अटीवर. त्यांच्यात धागा धरायचा नाही. आता नाही आणि पुढेही नाही.

त्यावर जुंपली. दात वाचवायचे ते धाग्यासाठी, आणि आता म्हणते धागा धरू नका, मग वाचवले कशाला, असं भुवईताईंनी तोंड बधिर असतानाच विचारलं. अर्धे शब्द ओठाबाहेर सांडले, पण अर्थ पोचला. डॉक्टरनेही ऐकून घेतलं नाही. म्हणाली, "जेवायला वाचवलेत. हसायला वाचवलेत. आणि मला शिव्या द्यायला वाचवलेत. धागा गळ्यात बांधा. चौकातल्या पोरी तसंच करतात, मीच करून घेते तिथे."

चौकातल्या पोरींचं नाव काढलं नसतं तर कदाचित त्यांनी ऐकलं नसतं. धाग्याचं टोक मानेला बांधून काम करायचं, ते त्या पोरींना जमतं आणि आपल्याला जमत नाही, हे त्या कसं सहन करणार? तीस वर्षांची सवय मोडायची होती. मान कुठे न्यायची आणि हात कुठे, सगळं उलटं. सराव करायला नवऱ्याला खुर्चीत बसवलं. त्याच्या कानांवरचे केस गेले, मग दोन्ही दंडांवरचे, मग एका भुवईचा चांगला लचका. तो तसाच कामावर गेला आणि लिफ्टच्या तारेत अडकलो म्हणून सांगितलं. काही आठवड्यांत हात बसला. दातांनी यायची ती सफाई नाही आली, असं त्या स्वतः म्हणतात. बायकांना फरक कळत नाही. मुख्याध्यापिकांनी परत येऊन खुर्चीत मान मागे टाकली, आणि वळवली नाही.

दादांना यातलं सगळं ठाऊक नव्हतं. हिरड्या सुधारल्या एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं, आणि ते पुरेसं होतं. त्यांच्या लोकांचा एका सभागृहात मोठा मेळावा होता. गुण आलेली माणसं तिथे व्यासपीठावर येऊन बोलणार होती. दादा हौसेने घरी आले. तू चार शब्द बोल, म्हणाले. भुवईताई म्हणाल्या, बोलीन, पण माझ्या शब्दांत बोलीन. दादा म्हणाले, तुझेच शब्द हवेत की. नवऱ्याने तेवढ्यात एकदा बायकोकडे बघितलं आणि चहाचा कप उचलून आत गेला.

सभागृह भरलं होतं. मागे डब्यांची मोठी चित्रं, बाजूला ढोलासारखे दोन स्पीकर. एका गृहस्थांनी आपला गुडघा कसा बरा झाला ते सांगितलं, टाळ्या पडल्या. मग दादांनी माइक हातात घेऊन आपल्या भावजयीची ओळख करून दिली. या बाईचे सगळे दात पडणार होते, असं ते म्हणाले, आणि खरंच त्यांचा आवाज भरून आला.

भुवईताई उभ्या राहिल्या. लोक समोर बसलेत आणि आपल्याला बोलायचंय, ही त्यांची रोजचीच जागा होती.

"माझ्या हिरड्या बऱ्या झाल्या, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "सहा महिने मी या डब्यांतल्या गोळ्या खाल्ल्या, हेही खरं आहे. पण गोळ्यांनी हिरड्या बऱ्या झालेल्या नाहीत. गोळ्या खात होते तेव्हा माझे दात आणखी हलायला लागले. मग मी दवाखान्यात गेले, हिरड्या आतून साफ करून घेतल्या, साखर आटोक्यात आणली. तेव्हा बऱ्या झाल्या. ही जागा बघा." आणि त्यांनी गालात बोट घालून गेलेल्या दाढेची फट पहिल्या रांगेला दाखवली.

कुणीतरी माइक बंद केला. ज्याने केला त्याला भुवईताई ठाऊक नव्हत्या. केस वाळवायच्या यंत्राच्या घरघरीवरून तीस वर्षं गप्पा मारलेला तो आवाज. माइकची त्याला कधी गरज नव्हती.

"व्हिटॅमिन मी आजही घेते. दोन. रक्त तपासून जी कमी निघाली ती, डॉक्टरने सांगितली तेवढीच. तुम्हीही घ्या, काही बिघडत नाही. पण इथे कुणाला साखर असेल आणि हिरड्यांतून रक्त येत असेल, तर डब्याची वाट बघू नका. मी बघितली. लाज वाटून बघितली, भीती वाटून बघितली, आणि दादांवर ढकलून मोकळी झाले. दादांची चूक अर्धी आहे. अर्धी माझी आहे."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. त्या खाली उतरल्या तेव्हा मागच्या रांगेतल्या एका बाईने बाहेर येऊन दवाखान्याचा पत्ता विचारला. बसमधे नवरा म्हणाला, मला आधी सांगायचंस. त्या म्हणाल्या, सांगितलं असतं तर आला असतात का? त्याने विचार केला आणि नाही म्हणाला.

दादांचा फोन सकाळीच आला. आरडाओरडा नव्हता. चार माणसांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, म्हणाले. आणि मग, "आज कुणाच्या खुर्चीमुळे उभी आहेस, ते तरी आठवायचं होतंस."

भुवईताईंनी फोन ठेवला, कोपऱ्यावरून टेम्पो बोलावला आणि खुर्ची दादांच्या घरी पोचती केली. गादी नव्याने शिवलेली, चाकांना तेल घातलेलं. नंतर कितीतरी दिवस बायका जेवणाच्या टेबलाच्या लाकडी खुर्चीत, मानेखाली उशी घेऊन, भुवया करून घेत होत्या. एकीनेही कुरकुर केली नाही. केली असती तर उशीही मिळाली नसती.

त्यानंतर दादांचं येणं-जाणं थांबलं. नवरा एकटाच अधूनमधून भावाकडे जायचा आणि गप्प परत यायचा. त्याला त्रास होत होता, आणि भुवईताईंना तो दिसत होता. पण माफी मागायला सांग, असं तो कधी म्हणाला नाही, आणि त्यांनी मागितलीही नाही.

एका दुपारी जाऊबाई आल्या. दादांची बायको. गेल्या कित्येक वर्षांत त्या एकट्या कुठे आल्याचं भुवईताईंना आठवत नव्हतं. बाकावर बसल्या, पदराने तोंड झाकूनच बोलायला लागल्या, आणि भुवईताईंच्या काय ते ध्यानात आलं. वास येतो हे कळल्यापासून हिरड्या बऱ्या होईपर्यंत त्याही तशाच बोलायच्या.

"रक्त येतं?"

"येतं. उशीवरपण असतं सकाळी."

"साखर?"

"आहे. गोळ्या यांच्या डब्यातल्याच." मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हे अजूनही सगळ्यांना तुझं सांगतात बरं का. माझ्या भावजयीच्या हिरड्या या डब्याने बऱ्या झाल्या, म्हणून. त्या मेळाव्यात जे नव्हते ना, अशा लोकांना."

भुवईताईंनी पुढचं काम रद्द केलं, दार ओढून घेतलं आणि जाऊबाईंना घेऊन त्याच दुपारी दवाखाना गाठला. सळई हिरडीत गेली तेव्हा जाऊबाईंनी त्यांचा हात धरला, आणि त्यांनी तो धरू दिला. जाऊबाईंचं दुखणं अजून फार पुढे गेलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाली, वेळेवर आलात, एकही दात जाणार नाही.

पण डोक्यातलं दुसरं काही जाईना. आपल्या नावावर तो माणूस अजून डबे विकतोय. भांडायला त्याच्या दारात जायचं नव्हतं. फोन तो उचलणार नव्हता. शेवटी त्यांनी पाटी रंगवणाऱ्याला बोलावलं. पार्लरच्या दाराशेजारी दरांची पाटी होती, तिच्या बरोबर खाली दुसरी पाटी लावायची. मजकूर त्यांनी उभ्या उभ्या सांगितला: 'माझ्या हिरड्या डब्यातल्या गोळ्यांनी बऱ्या झालेल्या नाहीत. कशाने झाल्या, ते आत येऊन विचारा.' रंगाऱ्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली, की हे पार्लरच आहे ना.

पाटी तयार होऊन आली त्या संध्याकाळी नवरा कामावरून आला. पाटी भिंतीला टेकवून ठेवली होती. त्याने ती पूर्ण वाचली, मग पुन्हा वाचली. आपला भाऊ रोज या रस्त्याने बाजारात जातो, हे त्याच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार. भुवईताई दारात उभ्या होत्या. तो काही बोलला असता तर उत्तर त्यांच्याकडे तयार होतं.

त्याने कामाची पेटी उघडली, ड्रिल काढलं, पाटी सरळ बसावी म्हणून मापून भिंतीवर खुणा केल्या आणि भोकं पाडायला लागला. एक, दोन, मग आणखी दोन, मग मधोमध आणखी एक.

"एवढे स्क्रू कशाला?" त्यांनी विचारलं. "दोन पुरले असते."

"काढायला येणारा कंटाळला पाहिजे," तो म्हणाला आणि हात पुढे केला. भुवईताईंनी त्याला स्क्रू ड्रायव्हर दिला.